भैरवी का अडकली?

यंदाच्या अंकासाठी काहीतरी लिहून दे, असे मराठीच्या बाईंनी मला सांगितले, तेव्हा माझ्याजवळ पावसावरची एक कविता तयार होती. ती वाचून बाई काहीच बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "गेले दोन महिने तू चार वाजल्यानंतर संगणक कक्षात काय करीत असतेस?" मी सांगितले. "मग तेच लिही की," असे म्हणून त्यांनी कविता परत दिली. म्हणून हा लेख. मी कलाशाखेची विद्यार्थिनी. विज्ञानाशी माझा संबंध दहावीनंतर सुटला. पुढे जे लिहिले आहे ते थोडे वाचून, थोडे विचारून आणि बरेचसे चुकून शिकलेले आहे. जाणकारांनी सांभाळून घ्यावे.

आमचे आजोबा गावच्या भजनी मंडळात गात असत. १९९६ साली देवळातले एक भजन कुणीतरी टेपरेकॉर्डरवर मुद्रित केले. नव्वद मिनिटांची ती एक कॅसेट. आरंभी रूपाचा अभंग, मध्ये गौळणी, आणि शेवटी आजोबांनी एकट्याने म्हटलेली भैरवी. आजोबा २००९ साली वारले, तेव्हा मी तीन वर्षांची होते. त्यांचा चेहरा मला भिंतीवरच्या फोटोमुळे ठाऊक आहे आणि आवाज या कॅसेटमुळे. आजी दर एकादशीला ती कॅसेट लावायची आणि भैरवी संपेपर्यंत जागची हलायची नाही.

घरी जो डेक आहे तो काकांनी २००४ साली आणला होता. त्यात रेडिओ, कॅसेट आणि सीडी असे तिन्ही आहे. गेल्या वर्षी त्याचा कॅसेटचा भाग बंद पडला. सीडीचा भाग मात्र ठणठणीत होता. तेव्हा कॅसेटची सीडी करून घ्यावी, असे मी सुचविले. माझ्या मैत्रिणी हसल्या. आजच्या काळात सीडी कोण ऐकते? मोबाईलमध्ये भरून दे! पण मोबाईल आप्पांच्या खिशात दिवसभर रानात असतो. आजीच्या एका डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले आहे, दुसऱ्याचे व्हायचे आहे. गुळगुळीत काचेवर बोट कुठे ठेवायचे हे तिला कळत नाही. डेकचे मोठे बटन मात्र ती अंधारातही चाचपून दाबते. शिवाय वीज गेली तर डेक सेलवर चालतो. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे असले काम आपोआप माझ्याकडे येते. आप्पांनी पैसे दिले आणि सांगितले, "तूच बघ, तुला कळतं त्यातलं." मला त्यातले काहीही कळत नव्हते.

तालुक्याच्या गावी एका दुकानात कॅसेटवरून सीडी करून मिळते, असे समजले. दुकानदार फार गोड बोलला. "ताई, दोन दिवसांनी या, एक नंबर सीडी मारून देतो." दोन दिवसांनी त्याने सीडी हातात ठेवली. वर आजोबांचा फोटो छापलेला गोल कागद चिकटवलेला होता. तो पाहून मला भरून आले, आणि फोटोचे वेगळे पन्नास रुपये मी न बोलता दिले. त्याच्या संगणकावर लावून पाहिली, सुरेख वाजली.

एकादशीला आजी पुढ्यात बसली. मी बटन दाबले. रूपाचा अभंग झाला, गौळणी झाल्या. शेवटून दुसऱ्या अभंगाला आवाज टकटक करू लागला. भैरवी सुरू झाली ती एकाच अक्षरावर घुटमळत राहिली आणि मग डेक आपोआप बंद पडला. आजी म्हणाली, "भैरवी आली का न्हाई अजून?"

त्यानंतर मी जो शहाणपणा केला तो प्रांजळपणे सांगते. कुणीतरी म्हणाले की वरच्या कागदाच्या वजनाने सीडी अडखळते. म्हणून मी तो कागद ओला करून सोलायला घेतला. कागदाबरोबर सीडीची चांदीही सुटून आली. एका ठिकाणी तर आरपार दिसू लागले. दुसरी सीडी करून घ्यावी म्हणून दुकानात गेले, तर त्याने संगणकातून ती फाईल केव्हाच पुसून टाकली होती. हातात उरली ती कॅसेट, तीस वर्षांच्या घरात आलेली.

आता असे का झाले हे समजून घेण्यासाठी सीडी म्हणजे काय, ते थोडे पाहावे लागेल.

फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनी मिळून १९८० साली सीडीचे नियम ठरविले आणि १९८२ साली ती बाजारात आली. बारा सेंटिमीटर व्यासाची, १.२ मिलिमीटर जाडीची पारदर्शक प्लॅस्टिकची ही तबकडी. आवाजाची प्रत्येक सेकंदाला ४४,१०० वेळा मोजणी करून ते आकडे तिच्यावर लिहिलेले असतात. ज्या रेघेवर ते लिहिलेले असतात ती आतून बाहेर जाणारी एकच एक चक्राकार रेघ असते. उलगडून सरळ केली तर पाच किलोमीटरच्या वर भरते. ग्रामोफोनची सुई कडेकडून मध्याकडे जाते. सीडीचे नेमके उलटे. पहिले गाणे भोकाजवळ, शेवटचे कडेला. भैरवी शेवटी म्हणायची हा आपला भजनाचा नियम, म्हणून आमची भैरवी अगदी कडेला जाऊन बसली होती. तबकडी वाकडी असो, तिला ओरखडा असो की ती वाईट लिहिलेली असो, बहुधा पहिला फटका कडेलाच बसतो.

कंपनीतून जी गाण्यांची सीडी येते तिच्यावर साच्याने बारीक खळगे उठवलेले असतात आणि वर ॲल्युमिनियमचा मुलामा असतो. खालून लेसरचा किरण पडतो, तो परत येतो तेव्हा कमीजास्त होतो, आणि त्या कमीजास्तीतून यंत्र आकडे वाचते. कोरी सीडी ही निराळीच वस्तू आहे. तिच्यात खळगे नसतात. रंगाचा एक पातळ थर असतो, त्यावर चांदीचा मुलामा आणि त्यावर वार्निशसारखा नाजूक लेप. सीडी रायटरचा लेसर त्या रंगाला ठिकठिकाणी भाजतो. भाजलेल्या जागेवरून प्रकाश कमी परततो, म्हणून वाचणाऱ्या यंत्राला तिथे खळगा आहे असे वाटते. थोडक्यात, आपण घरी केलेली सीडी ही खळग्यांचे सोंग घेतलेली सीडी असते. सोंग चांगले वठले तर डेक फसतो आणि वाजवतो.

यातून आणखी एक गोष्ट लक्षात येईल. आपण सगळे सीडीची खालची, चकाकणारी बाजू जपतो आणि वरची बाजू कशीही हाताळतो. वास्तविक खालच्या बाजूला मिलिमीटरभर प्लॅस्टिक आहे. वरच्या बाजूला चांदी आणि हवा यांच्यामध्ये फक्त तो लेप. मी कागद ओढला तेव्हा लेप आणि चांदी दोन्ही त्याच्याबरोबर आली. बॉलपेनने दाबून नाव लिहिले तरी तोच धोका. सीडीसाठीचा मऊ टोकाचा मार्कर मिळतो, त्याने लिहावे, आणि शक्य तर भोकाभोवतीच्या पारदर्शक कड्यावर लिहावे; तिथे आवाज नसतो. कागद तर चिकटवूच नये. कागद आणि प्लॅस्टिक उन्हाळ्यात सारखे आकसत नाहीत. तबकडी बशीसारखी किंचित वाकते, आणि तो वाक कडेला सर्वात जास्त जाणवतो.

मग दुकानातल्या संगणकावर तीच सीडी कशी वाजली? हा प्रश्न मला बरेच दिवस सतावत होता. उत्तर असे की संगणकातला ड्राइव्ह हा नाना तऱ्हेच्या तबकड्या वाचण्यासाठी केलेला असतो. अडले तर तो पुन्हा मागे जाऊन वाचतो. घरचा डेक मात्र गाणे थांबवून मागे फिरू शकत नाही. त्यातून त्याचा लेसर जुना झालेला, भिंगावर वीस वर्षांची धूळ. म्हणून "आमच्याकडे वाजली" या दुकानदाराच्या म्हणण्याला काही अर्थ नाही. जिथे ऐकायची त्या यंत्रावर शेवटच्या मिनिटापर्यंत वाजली, तरच वाजली म्हणावे.

सीडीवर चूक अजिबात नसते असेही नाही. प्रत्येक सेकंदाला ७,३५० तुकडे वाचले जातात, आणि त्यातले २२० पर्यंत तुकडे सदोष निघाले तरी नियमाने ती सीडी चांगलीच समजतात. चुका दुरुस्त करण्याची युक्ती तबकडीतच योजलेली असते. ती मला आपल्या परीक्षेच्या बैठक व्यवस्थेवरून समजली. एकाच वर्गाची मुले एका खोलीत न बसवता सगळ्या खोल्यांत विखरून बसवतात. समजा एका खोलीत पाणी गळून तिथल्या उत्तरपत्रिका भिजल्या, तर प्रत्येक वर्गाच्या दोन-तीनच पत्रिका जातात, एखादा वर्ग संपूर्ण बुडत नाही. सीडीवर आवाजाचे आकडे असेच विखरून ठेवलेले असतात, आणि सोबत ताळा करण्यासाठी जादा आकडे असतात. त्यामुळे रेघेवरचा सुमारे अडीच मिलिमीटरचा भाग सलग गेला तरी यंत्र सगळे आकडे भरून काढते. त्याहून जास्त गेला तर ते शेजारच्या आकड्यांवरून अंदाज बांधते, आणि अंदाजही संपला की टकटक. यावरूनच एक उपयोगी गोष्ट निघते. सीडी पुसताना गोल गोल पुसू नये. गोल ओरखडा रेघेच्या दिशेने जातो आणि एकाच जागचे बरेच आकडे खातो. भोकाकडून कडेकडे सरळ पुसावे.

इथे एक कोडे मला संगणक कक्षात पडले. कोऱ्या सीडीवर ७०० एमबी असे छापलेले असते. आमच्या भजनाची फाईल ७८ मिनिटांची, संगणक तिचा आकार ७८७ एमबी दाखवीत होता. मग दुकानदाराने ती एका सीडीवर बसविली कशी? सरांनी मला हिशेब करायला लावला. सीडीवरच्या प्रत्येक कप्प्यात २,३५२ बाइट मावतात. कागदपत्रे, फोटो अशी माहिती ठेवली तर त्यातले २,०४८ बाइटच माहितीसाठी वापरतात. उरलेले ३०४ कप्प्याची ओळख आणि चुकांची आणखी एक दुरुस्ती यांसाठी राखून ठेवतात. गाण्याच्या सीडीत ही राखीव जागाही आवाजालाच देऊन टाकतात. म्हणून जास्त मावते. पण म्हणूनच गाण्याच्या सीडीला दुरुस्तीचा एक पदर कमी असतो. हे कळल्यावर मला फार आश्चर्य वाटले. आजोबांचा आवाज कायमचा जपण्यासाठी म्हणून मी जी वस्तू केली होती, ती जपणुकीला त्यातल्या त्यात कमजोर होती. सीडी ऐकायला ठीक. मूळ फाईल मात्र वेगळी, फाईल म्हणूनच, दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवायला हवी.

दुकानदाराने फाईल पुसली नसती तर माझे पुढचे बरेच कष्ट वाचले असते. आता पुन्हा कॅसेटपासून सुरुवात. ग्रंथालयातल्या काकांनी आपला जुना टेपरेकॉर्डर आणून दिला. त्याच्या हेडफोनच्या छिद्रातून वायर काढून संगणकाच्या लाइन-इनला जोडली आणि ऑडॅसिटी नावाच्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमवर सगळे भजन पुन्हा मुद्रित केले. भैरवीच्या दुसऱ्या अंतऱ्याला फीत किंचित चुरगळली. झटकन बटन बंद केले, पेन्सिलीने फीत सरळ केली, पुन्हा लावली. पण त्या जागी चारएक सेकंद आजोबांचा आवाज गोधडीखालून आल्यासारखा येतो. दुकानात केलेल्या मुद्रणात ती चार सेकंदे स्वच्छ होती. मी ती तिथल्या संगणकावर स्वतः ऐकली होती. ती आता कुठेही नाहीत.

यानंतर कोऱ्या सीडीची निवड. आधी एक काम करावे, जे मी उशिरा केले. कंपनीतून आलेली एखादी गाण्याची सीडी डेकमध्ये शेवटपर्यंत वाजवून पाहावी. तीही अडली तर दोष डेकचा आहे. भिंग कानाच्या काडीने, आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब लावून, हलक्या हाताने पुसून पाहावे. शेजारच्या काकूंकडची भक्तिगीतांची सीडी आमच्या डेकवर शेवटपर्यंत नीट वाजली. म्हणजे आमचा दोष सीडीचाच होता.

दुकानात कोरी सीडी मागितली की तीन-चार प्रकारच्या तबकड्या पुढे येतात आणि वरवर सगळ्या सारख्याच दिसतात. त्यांतली सीडी-आर तीच घ्यावी. सीडी-आरडब्ल्यू म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणारी. "पुन्हा वापरता येते" या मोहाने मी एक घेतली; डेकने "नो डिस्क" एवढेच उत्तर दिले. तिच्यावरून प्रकाश फार कमी परततो. साध्या सीडीवरून निदान पासष्ट-सत्तर टक्के, तर हिच्यावरून पंधरा ते पंचवीस. जुन्या यंत्राला ते दिसतच नाही. डीव्हीडी तर सीडीच्या डेकला वाचताच येत नाही. माझ्या चुलतभावाने तीन आणून दिल्या, त्या अजून कपाटात आहेत. काही कोऱ्या सीडींवर मुद्दाम "म्युझिक" असे छापलेले असते. त्यांचा आवाज जास्त चांगला असतो, ही समजूत चुकीची आहे. घरगुती सीडी रेकॉर्डर म्हणून जी स्वतंत्र यंत्रे असत, ती एक खूण तपासून फक्त अशाच तबकड्या स्वीकारीत. काही देशांत त्यांच्या किमतीत कलावंतांसाठीचा आकार मिसळलेला असे. संगणकाला त्याचे काही नाही. जादा पैसे देऊ नयेत.

तबकडीच्या खालच्या रंगाबद्दल खूप गप्पा ऐकायला मिळतात. मुख्य रंग तीन. सायनिन हा हिरवट-निळा दिसतो. थॅलोसायनिन फिकट, जवळजवळ पारदर्शक. आणि ॲझो गडद निळा. सायनिन उन्हाला त्यातल्या त्यात नाजूक समजतात आणि थॅलोसायनिन जास्त टिकाऊ. पण माझा अनुभव असा की रंगापेक्षा कारखाना महत्त्वाचा. खोक्यावर ज्याचे नाव असते त्यानेच ती केलेली असते असे नाही. खरा कारखानदार कोण, याची खूण कोऱ्या तबकडीवर आधीच कोरलेल्या खाचेत असते, आणि इमगबर्नसारखा फुकटचा प्रोग्रॅम ती वाचून दाखवितो. गंमत म्हणजे ती घड्याळातल्या वेळेसारखी लिहिलेली असते. जपानच्या तायो युडेन कंपनीची खूण ९७ मिनिटे २४ सेकंद १ फ्रेम अशी आहे. लिहिता येणारी सीडी १९८८ साली प्रथम याच कंपनीने तयार केली. जाणकार तिच्या तबकड्यांचे फार नाव काढतात. पण २०१५ साली तिने हा धंदा बंद केला. आपल्याकडे नोएडाची मोझर बेअर ही जगातल्या मोठ्या कारखान्यांपैकी एक होती, तीही २०१८ साली अवसायनात गेली. त्यामुळे अशी नावे सांगून कुणी सीडी देऊ लागला, तर ती जुन्या साठ्यातली असणार हे ओळखावे. जुनी म्हणजे वाईटच असे नाही. पण दुकानाच्या दर्शनी काचेत उन्हात पडलेली असेल तर घेऊ नये. नवे, बंद खोके घ्यावे, आणि पन्नासाचा डबा एकदम न घेता आधी पाच सुट्या घेऊन तपासाव्यात.

आणखी एक म्हणजे मिनिटे. मूळची सीडी ७४ मिनिटांची. आता सर्रास मिळते ती ८० मिनिटांची. तिच्यात रेघा थोड्या जास्त जवळजवळ बसविलेल्या असतात. तिथपर्यंत ठीक आहे. ९० आणि ९९ मिनिटांच्या तबकड्याही निघाल्या होत्या. त्या नियमात बसत नाहीत, आणि जुन्या डेकसाठी त्या घेऊच नयेत. पण ८० मिनिटांचीही काठोकाठ भरू नये, हा मी स्वतः काढलेला नियम. आमची ७८ मिनिटे दुकानदाराने एकाच तबकडीवर कोंबली होती. मी दोन तबकड्या केल्या, ४० मिनिटांची एक आणि ३८ मिनिटांची दुसरी. पंधरा रुपये जादा गेले. पण कडेचा दीड-दोन सेंटिमीटरचा भाग वापरावाच लागला नाही.

सीडी रायटरविषयी फार निवड आपल्या हातात नसते. जो मिळेल तो. नव्या लॅपटॉपला तर ड्राइव्हच नसतो. एका मैत्रिणीच्या भावाकडे यूएसबीला जोडायचा पातळ, बाहेरचा ड्राइव्ह होता. त्यावर पहिल्या दोन्ही सीडी अर्ध्यावर फसल्या. नंतर समजले की लिहिताना लेसरला आणि मोटारीला एकदम जास्त वीज लागते, आणि आम्ही तो ड्राइव्ह एका स्वस्त जोडपट्टीतून लावला होता. थेट संगणकाच्या मागच्या छिद्रात लावल्यावर फसणे थांबले. तरीसुद्धा संगणक कक्षातल्या जुन्या डेस्कटॉपमधला जाड ड्राइव्ह मला अधिक भरवशाचा वाटला. त्यावर केलेल्या तबकड्या आमच्या डेकने कमी कुरकुर करता वाजविल्या. प्रत्येक ड्राइव्ह लिहिण्याआधी तबकडीच्या आतल्या बाजूला एका राखीव जागेत लेसरची ताकद आजमावून पाहतो. ओळखीची तबकडी असेल तर त्याचा अंदाज बरोबर येतो. म्हणून एका ड्राइव्हवर उत्तम उतरणारी सीडी दुसऱ्यावर सामान्य उतरते. जोडी जमावी लागते.

वेगाचा प्रश्न सर्वात वादाचा. एकपट वेग म्हणजे गाणे जितक्या वेळात वाजते तितक्याच वेळात लिहायचे. दुकानात ५२ पट वेगाने दोन-तीन मिनिटांत सीडी करून देतात. त्या वेळी कडेला लिहिताना तबकडी मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेरे घेत असते. डेकमध्ये वाजताना ती पाचशे ते दोनशे फेऱ्यांत असते, हे ध्यानात घ्यावे. उलट काही लोक सांगतात की जितके हळू तितके उत्तम. जुन्या तबकड्यांना ते लागू असेल. आजच्या कोऱ्या सीडींचा रंग वेगाने लिहिण्यासाठीच बनविलेला असतो, आणि कित्येक ड्राइव्ह फार हळू लिहूच शकत नाहीत. मी एकाच डब्यातल्या तीन सीडी तीन वेगांनी केल्या आणि रविवारी एस. टी.ने गावी नेल्या. ५२ पटीची कडेला अडली. १६ पटीची आणि ८ पटीची दोन्ही सरळ वाजल्या. त्या दोघींत मला किंवा आजीला काही फरक कळला नाही. म्हणून १६ पट.

लिहिताना प्रोग्रॅममध्ये दोन गोष्टी पाहाव्यात. "ऑडिओ सीडी" निवडावे. एमपीथ्री फाईली तशाच माहिती म्हणून चिकटवल्या तर साधा डेक गप्प बसतो. पुष्कळांची सीडी "खराब" निघते ती खरे तर यामुळे. आणि "डिस्क ॲट वन्स" निवडावे, म्हणजे लेसर मध्ये न थांबता पहिल्यापासून शेवटपर्यंत एका दमात लिहितो आणि तबकडी बंद करतो. एकेक गाणे सुटे लिहिण्याच्या पद्धतीत दोन गाण्यांच्या मध्ये दोन सेकंदांची शांतता येते. सिनेमाच्या गाण्यांना ते चालेल. भजनात एका अभंगाच्या टाळ-मृदंगातूनच पुढचा गजर उचलतात. तिथे दोन सेकंद शांत झाले की मंडळातले सगळे एकदम उठून गेल्यासारखे वाटते.

भैरवी पुन्हा अडकू नये म्हणून ती दुसऱ्या सीडीवर अगदी पहिली, भोकाजवळ घालावी, अशी एक हुशार कल्पना मी काढली होती. आजीला विचारले. ती माझ्याकडे बघत राहिली. "आरंभाला कुणी भैरवी म्हणतं व्हय गं? लोक उठून घरी जातील की." तेव्हा भैरवी शेवटीच ठेवली. ३८ मिनिटांच्या तबकडीवर शेवट येतो तो साधारण मध्यावर, त्यामुळे अडचण आली नाही.

सगळ्या मिळून अकरा तबकड्या झाल्या. त्यांतल्या चार वाया गेल्या, तीन चाचणीच्या, आणि चार चांगल्या, म्हणजे दोन जोड. एक जोड आजीजवळ. दुसरी आत्याकडे पाठविली. तिच्या यंत्रावर आधी लावून, शेवटपर्यंत ऐकून, मगच परत आले. मूळ फाईल संगणक कक्षातल्या सरांनी आपल्या हार्ड डिस्कवर ठेवून घेतली आहे, आणि एक प्रत माझ्या पेन ड्राइव्हवर आहे. कॅसेट डब्यात घालून कपाटात ठेवली. सीडी उभ्या, कडक डबीत, भिंतीपासून आणि चुलीपासून लांब.

कार्तिकी एकादशीला डेक लावला. दुसरी सीडी बदलायला मीच उठले. मध्येच थांबले म्हणून आजी थोडी कुरकुरली. भैरवी पूर्ण झाली. दुसऱ्या अंतऱ्याला ती चार सेकंदे आली तेव्हा मी आजीकडे पाहिले. ती म्हणाली, "हितं त्यांनी तोंड फिरवलं असंल बघ, देवाकडं." मी काही बोलले नाही.

माझ्याकडे अजून सात कोऱ्या सीडी शिल्लक आहेत, आणि सरांनी शनिवारी दुपारी संगणक वापरायची परवानगी दिली आहे. ज्यांच्या घरी अशी एखादी कॅसेट पडून असेल त्यांनी घेऊन यावी. आणण्यापूर्वी पेन्सिलीने फीत ताणून घ्यावी, आणि टेपरेकॉर्डर घरी चालू असेल तर तोही बरोबर आणावा. ग्रंथालयातल्या काकांचा आता त्यांना परत हवा आहे.